मदत हवी आहे: थोडक्यात टळलेल्या चुका स्टाफने न घाबरता नोंदवाव्यात यासाठी काय करता?

नमस्कार मंडळी, मी ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात लेबर रूम इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे येणाऱ्या बाया तांड्या-वस्तीवरच्या, शेतमजूर, ऊसतोडीला जाणाऱ्या. खाजगीत जायला पैसे नाहीत त्यामुळे इथे जे मिळेल ते निमूट घेतात, कितीही खोदून विचारा "चांगलंय की सगळं सिस्टर" एवढंच. म्हणजे तक्रार पेशंटकडून येणारच नाही, चूक आपली आपणच पकडायला हवी.

एनक्यूएएस, लक्ष्य, कायाकल्प ही सरकारची दर्जा तपासणीची कामं सगळी चालू आहेत. असेसमेंटची तारीख लागली की ७० टक्क्यांच्या वर जायचं म्हणून सगळे रात्री उशिरापर्यंत थांबतात, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही कारण त्याच निमित्ताने बाळाला ऊब देणारा बंद पडलेला वॉर्मर दुरुस्त झाला नि टेबलांमध्ये पडदे आले. पण चुकांचं रजिस्टर मात्र महिनोन्महिने निरंक.

मागे एका बाईला डिलिव्हरीनंतर ब्लीडिंग सुरू झालं, घाईत फ्रीजमधून ऑक्सिटोसिनऐवजी मेथर्जिनचं अँप्यूल निघालं, दोन्ही ब्लीडिंग थांबवायचीच इंजेक्शनं, एकाच ट्रेमध्ये आणि दिसायला जवळपास सारखी. बाईचं बीपी १६०/१००, मेथर्जिनने बीपी आणखी वाढतं, तिला ते चालतच नाही. नवीन लागलेल्या कंत्राटी मुलीने सिरिंज भरायच्या आधी लेबल मोठ्याने वाचलं म्हणून वाचलो. खरं तर तिचं सगळ्यांसमोर कौतुक व्हायला हवं होतं, पण तीच मला बाजूला घेऊन म्हणते, "ताई रजिस्टरला नका ना लिहू, माझी ऑर्डर संपत आलीय."

ट्रे लगेच वेगळे केले, मोठी लेबलं लावली, पण असलीच अँप्यूल दुसऱ्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) शेजारी शेजारी पडली असतील त्यांना कसं कळणार? मुलींचं पण चुकत नाही, आधी एकीने सॅम्पलच्या अदलाबदलीचं प्रामाणिकपणे लिहिलं तर तिलाच मेमो मिळाला होता, तेव्हापासून कोणी पेनच उचलत नाही.

सरकारी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात हे ज्यांनी खरंच चालवून दाखवलंय त्यांनी प्लीज सांगा. बिननावाची चिठ्ठी टाकायची पेटी चालते का, की अक्षरावरून ओळखतात? टळलेल्या चुकीवर मेमो काढणार नाही असं अधीक्षकांकडून लेखी घेतलंय का कोणी? ड्युटी बदलताना पाच मिनिटं यावर बोलायचा माझा विचार आहे पण रात्रपाळीला दोघीच असतात, पेशंट सोडून कसं जमवायचं? साधा एका पानाचा मराठी फॉर्म असेल तर तोही टाका, आमचा इंग्रजीत आहे आणि मावश्यांना वाचता येत नाही, बऱ्याच गोष्टी तर पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येतात.