मालकीच्या जागेतला वणवा: गाव, मुंबईकर मालक आणि फॉरेस्टवाले एकत्र कसे आणायचे?

सड्याकडची_बाग
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात सड्याच्या (कातळी पठाराच्या) कडेला आमची हापूस आणि काजूची बाग आहे. बागेच्या वर सगळा गवताचा सडा, त्याच्या पलीकडे थोडं सरकारी जंगल, आणि मधल्या जमिनी सामायिक सातबाऱ्याच्या, मालक सगळे मुंबईला. यंदा मार्चमध्ये भर दुपारी कुठूनतरी वणवा लागला आणि वाऱ्यावर सरळ खाली बागेत उतरला. दगडी गडगा आहे पण गडग्याच्या पलीकडून सुका पातेरा (पालापाचोळा) उडत होता तो पेटून आत पडायला लागला, मग काय, काजूची वरची ओळ पूर्ण गेली आणि कलमांची खोडं एका बाजूने भाजली. ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटल्या. पोरं हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपत होती म्हणून खालची बाग वाचली.
फोन केला तर एका ऑफिसातून उत्तर आलं की हे मालकी क्षेत्र आहे, आमच्याकडे येत नाही. पंचनामा झाला, ठीक आहे, भरपाईचं इथे विचारत नाहीये. मला विचारायचंय ते पुढच्या हंगामाचं. मी माझ्या हद्दीत कितीही साफ केलं तरी आग येणार वरच्याच जमिनीतून. तर गावकरी, मुंबईचे मालक, वनखातं, महसूल या सगळ्यांना घेऊन कोणाच्या गावात काही झालंय का? सुरुवात कुठून करायची?

काजूवाला_दक्षिण
दादा आमच्याकडे जमलंय, पूर्ण नाही पण बरंच. एक गोष्ट आधी सांगतो, सुरुवात गणपतीत करा. मुंबईकर तेव्हा घरी असतात, भाऊबंद एका छपराखाली असतात आणि सामायिक सातबाऱ्यावर सगळ्यांची सही मिळायची तीच वेळ, शिमग्याला विचारलंत तर तोपर्यंत गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. आम्ही साध्या कागदावर संमती घेतली की आमच्या जमिनीतून एवढ्या रुंदीचा पट्टा गावाने साफ करायला हरकत नाही, झाड तोडणार नाही, जमिनीवर हक्क सांगणार नाही. शेवटचं वाक्य लिहाच. लोक नाही म्हणतात ते पट्ट्यामुळे नाही, उद्या कोणी वहिवाट दाखवेल या भीतीने म्हणतात. आमच्याकडे एक काका अडूनच बसलेले, ते वाक्य वाचून दाखवल्यावर तिथल्या तिथे सही केली.
मग नोव्हेंबर संपता संपता ब्रश कटर (गवत कापायचं यंत्र) घेऊन पट्टा मारतो. गवत कापून तिथेच टाकायचं नाही, उचलून बाहेर काढायचं, नाहीतर सुकलं की तेच पेटतं. आणि जानेवारीत परत एकदा पातेरा ओढायचा, कारण तोवर झाडांची पानं गळून पट्टा पुन्हा भरतो. हे दुसरं काम सगळे विसरतात. खर्च बागायतदार एकरावर वाटून घेतो, ज्याची बाग नाही तो अंगमेहनत देतो.
भाजावळीचं, म्हणजे पेरणीआधी शेतात राब (पालापाचोळा, गवत) जाळण्याचं पण गावाने ठरवायला हवं. राब भाजायचा तर सकाळी दव असताना, शेजारच्याला सांगून, पाण्याचं पिंप जवळ ठेवून. आमच्याकडचे निम्मे वणवे दुपारी भाजलेल्या राबातूनच सुटायचे.

निवृत्त_वनरक्षक
खात्यात नोकरी केली म्हणून दोन शब्द. आपल्याकडे अग्निहंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात आणि खात्याच्या जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे) त्याच्या आधी पूर्ण करायच्या असतात. म्हणजे तुम्ही मार्चमध्ये फोन केलात तेव्हा माणसं आधीच चारी बाजूंना पळत होती. ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायतीच्या ठरावासकट परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या की आमच्या सड्याला लागून तुमची जी हद्द आहे तिथली जाळरेषा आणि आमचा पट्टा एकमेकांना जोडायचा आहे. खात्याची रेषा एका टोकाला संपते, गावाची भलतीकडे सुरू होते, मधल्या फटीतून आग जाते. वनपालाला एकदा सोबत घेऊन प्रत्यक्ष चालत जा, हद्दीचे दगड दाखवून घ्या.
पट्टा जाळून काढायचा असेल तर स्वतःच्या मनाने जाळू नका. खात्याची माणसं आधी दोन्ही कडा कापून साफ करतात आणि मग मधलं गवत वाऱ्याचा अंदाज घेऊन जाळतात, माणसं उभी ठेवून. राखीव वनाला धोका होईल अशी आग सोडणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. तुम्ही कापून पातेरा ओढलात तरी पुरे.
त्याच कायद्याचं कलम 79 पण ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्याला वनात चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क किंवा परवानगी आहे त्याने आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. हे गावात ठाऊकच नसतं. फोनसाठी हॅलो फॉरेस्ट 1926 आहे, पण बीटच्या वनरक्षकाचा मोबाईल प्रत्येक घरात भिंतीवर लिहिलेला असणं जास्त कामाचं.

महुआ_चंद्रपूर
आमच्या भागात कारणं वेगळी. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणून आग लावतात. नुसतं "जाळू नका" म्हणून कोणी ऐकत नाही कारण त्याचं पोट त्यावर आहे. मोहाखाली जाळी अंथरली की पाला जाळायची गरज उरत नाही. तेंदूसाठी खुटकटाई केली, म्हणजे झुडपं बुंध्याशी छाटली, की आग न लावता पण चांगली पानं येतात.
आमच्याच जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला तेव्हा त्यांनी तेंदूपानाचं उत्पन्नच सोडून दिलं, आगी आणि फांदीतोड नको म्हणून, आणि बांबूवर भर दिला. जंगल आपलं वाटलं की माणूस रात्री पण उठून जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कोकणात तर जमीन मालकीचीच आहे, तुमच्याकडे हे सोपं जायला हवं खरंतर.

सॅक्रामेंटोकर
मी उत्तर कॅलिफोर्नियात असतो, गावाबाहेर थोडी जमीन आहे. इथे घराभोवती 100 फुटांपर्यंत सुकं गवत, खालच्या फांद्या साफ ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे आणि कॅल फायर या राज्याच्या अग्निशमन खात्याची माणसं येऊन तपासतात. पण मला जास्त पटलेलं काम म्हणजे शेजाऱ्यांच्या जाळणी संघटना. कॅलिफोर्नियातली पहिली 2018 मध्ये हंबोल्ट काउंटीत सुरू झाली. आज तुझ्या रानात, पुढच्या वेळी माझ्या रानात, अवजारं सामायिक, परवाना काढायचा, हवा बघायची आणि ठरवून थोडंथोडं जाळायचं म्हणजे उन्हाळ्यात पेटायला काही उरत नाही. कोकणात जाळणी नको, तिथलं रान आणि बागा वेगळ्या, पण पाळीपाळीने एकमेकांच्या जमिनीत राबायची पद्धत उचलण्यासारखी आहे.
शिवाय उपग्रहाला दिसलेल्या आगी दाखवणाऱ्या नासाच्या फर्म्स साइटवर आपल्या भागाचा चौकोन आखून ईमेल अलर्ट फुकट लावता येतो. फक्त त्याच्यावर विसंबू नका, त्यातले मुख्य उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला जातात, संध्याकाळी लागलेली आग त्यांना मध्यरात्रीनंतरच दिसणार.

सड्याकडची_बाग
खूप आभार सगळ्यांचे. गणपतीचं डोक्यातच आलं नव्हतं, संमतीपत्राचा मसुदा आता लगेच बनवतो. काजूवाला दादा, तुमचा पट्टा किती रुंद ठेवता? आणि भाजलेल्या कलमांचं काय करू?

काजूवाला_दक्षिण
सपाटीला बारा-पंधरा फूट. जिथे बाग चढावर आणि गवत खाली आहे तिथे दुप्पट ठेवा, आग चढाला धावते. तुमच्याकडे सडा वर आहे म्हणजे उतारापेक्षा वाऱ्याचा धोका जास्त, त्यामुळे गडग्याच्या बाहेरून पट्टा घ्या आणि आतल्या बाजूचा पातेरा पण काढा.
कलमं लगेच तोडू नका. मेलेली साल चाकूने जिवंत हिरव्या भागापर्यंत काढा आणि बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. अशक्त झाडावर खोडकिडा लगेच येतो, बुंध्याशी भुसा दिसतोय का ते बघत राहा. साल चारी बाजूंनी गेली असेल तरच ते झाड गेलं समजा.