वृत्तपत्राने समाजाला परत काय द्यावे?

वृत्तपत्रांचे सामाजिक उपक्रम म्हणजे वाचकांच्या पैशातून केलेली स्वतःची जाहिरात, असे मत काही जण मांडतात; ते मला अपुरे वाटते. ‘लोकसत्ता’चा २०११ पासून चाललेला ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम पाहावा. गणेशोत्सवाच्या दिवसांत रोज एका सामाजिक संस्थेची सविस्तर ओळख छापली जाते. तिचे काम, अडचणी आणि निधीची गरज त्यात मांडलेली असते, आणि धनादेश नेमका कोणत्या नावाने काढावा हेही स्पष्ट दिलेले असते. वाचकांचे धनादेश वृत्तपत्राच्या कार्यालयांत जमा होतात, परंतु ते काढलेले असतात थेट त्या संस्थेच्या नावाने. पैसा वाचकांचा असतो हे खरेच. मात्र आडगावात निमूटपणे काम करणाऱ्या आणि जाहिरातीचा खर्च कधीच न झेपणाऱ्या संस्थेला राज्यभरच्या वाचकांपुढे उभे करणारी जागा आणि त्यामागची विश्वासार्हता वृत्तपत्राची असते, आणि माझ्या मते हीच त्याची खरी देणगी आहे. ‘सकाळ रिलीफ फंडा’ने आपत्तीच्या काळात उभारलेली मदतही याच विश्वासावर उभी राहते.

माझी अपेक्षा वेगळी आहे. निवडलेल्या प्रत्येक संस्थेकडे दोन-तीन वर्षांनी वार्ताहराने पुन्हा जावे, त्या निधीतून वसतिगृहाची खोली बांधली गेली की पगार भागवण्यातच तो संपला, हे तितक्याच ठळकपणे छापावे आणि काम रखडले असेल तर तेही लिहावे.