प्रति: डेव्हलपर आळशी नव्हते हो

वर कोणीतरी म्हटलंय की अँथम हा व्हिडिओ गेम आपटला कारण तो बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीचे डेव्हलपर आळशी. अहो, जवळपास ७ वर्षं चालला होता तो गेम, पण खरं प्रॉडक्शन शेवटच्या दीडेक वर्षात झालं, आधीचा वेळ नुसत्या मीटिंगा आणि निर्णय कोणीच घ्यायचा नाही. उडायचं फीचर कितीदा काढलं नि परत घातलं, शेवटी ईए म्हणजे बायोवेअरच्या मालक कंपनीच्या बड्या साहेबाला डेमोत आवडलं म्हणून राहिलं!! २०१९ च्या एप्रिलमधे जेसन श्रायर या पत्रकाराने कोटाकू या गेमिंगच्या साइटवर लेख लिहून हे सगळं बाहेर काढलं, तिथले लोक डॉक्टरच्या सांगण्यावरून स्ट्रेसपायी महिनोन्महिने रजेवर, कोणी खोलीत जाऊन रडतंय. त्यात ते फ्रॉस्टबाइट इंजिन (गेम ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर), मुळात ईएच्याच डाइस स्टुडिओने बॅटलफील्ड या लढाईच्या गेमसाठी बनवलेलं, ते यांच्या गळ्यात. आणि वरचे लोक काय म्हणायचे तर 'बायोवेअर मॅजिक', म्हणजे शेवटी शेवटी जुळतंच सगळं, लग्नघरातल्या काकांसारखं, होईल रे वेळेवर. काका निदान पंगतीत वाढतात तरी.

कंपनीचा खुलासा तर लेख आल्यावर काही मिनिटांतच हजर, वाचला कधी देव जाणे. २०२१ च्या फेब्रुवारीत गेमच्या दुरुस्तीचं कामपण गुंडाळलं.