रीडमीत टर्मिनलचं जिफ टाकणं बंद करूया का?

काळी_खिडकी:
काल एका कमांड लाइन टूलचं रीडमी (टूलसोबतची माहितीची फाइल) उघडलं, वरतीच चाळीस सेकंदाचं जिफ, टूल चालताना दाखवणारं हलतं चित्र. मला त्यातली एकच कमांड हवी होती, ती अगदी शेवटी येते आणि नीट वाचेपर्यंत वर सरकून जाते, थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही, कॉपी तर नाहीच, तीनदा पहिल्यापासून बघितलं आणि हाताने टाइप केली तर एक डॅश चुकला. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, मुळात टेक्स्टच हो. अ‍ॅस्किनेमा या टर्मिनल रेकॉर्डरने रेकॉर्ड केलं की जी कास्ट फाइल मिळते तीपण टेक्स्टच, पहिल्या ओळीत खिडकीची रुंदी-उंची आणि मग किती वेळाने स्क्रीनवर काय छापलं ते ओळीओळीने. एवढं चांगलं हातात असताना त्याचे पिक्सेल करून १९८७ सालच्या फॉरमॅटमधे कशाला कोंबायचं? माझं मत, जिफ बंद, कास्ट फाइलची लिंक द्या.

शेलवाला:
अजिबात पटलं नाही. गिटहबच्या रीडमीत जावास्क्रिप्ट चालत नाही, म्हणजे कास्टचा प्लेअर तिथे बसवताच येत नाही, आणि लिंकवर क्लिक करून दुसरीकडे जाऊन बघणारे किती? जिफ रीडमीत चालतं, स्लाइडमधे चालतं, चॅटमधे चालतं. २५६ रंगांची मर्यादा फोटोला जाचते, टर्मिनलला नाही. आपले रंग मोजके, मागे सलग एकच रंग, जिफचं कॉम्प्रेशन असल्याच चित्रांवर उत्तम चालतं.
आणि चाळीस सेकंद हा जिफचा दोष नाही, रेकॉर्ड करणाऱ्याचा आहे. कास्टचं जिफ करणारं अ‍ॅग आहे ना, त्यात रिकामा वेळ छाटायची सोय आहे, न सांगता ते पाच सेकंदांपर्यंतची शांतता तशीच ठेवतं, ती एकवर आणा. शेवटची फ्रेम जास्त वेळ धरून ठेवता येते, लूपपण बंद करता येतो. लोक हे करत नाहीत त्याला फॉरमॅट काय करणार.

सावली_२२:
मी स्क्रीन रीडर वापरते, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. तुमचं जिफ छाटलेलं असो नाहीतर लांब, मला ऐकू येतं फक्त "इमेज", बरेचदा फाइलचं नाव. डब्ल्यूसीएजीच्या (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या) नियमात स्पष्ट आहे की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवायची सोय हवी. जिफ ठेवा हवं तर, पण त्यातल्या कमांड खाली टेक्स्टमधे लिहा, दोन मिनिटांचं काम आहे आणि ते कुणी करत नाही याचा मला खरंच राग येतो.

पाईप_आणि_ग्रेप:
मग एसव्हीजी करा की, ते पिक्सेलचं नसलेलं चित्र, त्यात अक्षरं टेक्स्ट म्हणूनच राहतात, झूम केलं तरी फाटत नाही.

काळी_खिडकी:
इमेज म्हणून टाकलेल्या एसव्हीजीतलं टेक्स्ट सिलेक्ट होत नाही, मी करून बघितलंय. दिसायला सुंदर, माझा प्रश्न तिथेच.

मेकफाइल:
तुम्ही सगळे फॉरमॅटवर भांडताय, खरा त्रास शिळ्या जिफचा आहे. आमच्या टूलमधे एक फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) बदलला, जिफ जुनंच राहिलं आणि कितीतरी दिवस लोक त्यात बघून चुकीची कमांड मारत होते. आता मी व्हीएचएस नावाचं टूल वापरतो. टेप फाइलमधे लिहायचं काय टाइप करायचं, कधी एंटर, किती थांबायचं, आणि ते खरोखर टर्मिनलमधे चालवून जिफ बनतं. टेप कोडसोबत गिटमधे राहते, दर रिलीजला जिफ नवीन. हाताने रेकॉर्ड करताना टायपो झाला की पुन्हा पहिल्यापासून, तेही सुटलं.

शेलवाला:
व्हीएचएस चांगलं आहे, पण त्याला टीटीवायडी आणि एफएफएमपेग ही आणखी दोन टूल्स लागतात, छोट्या टूलसाठी मला जड वाटतं.

जोडाक्षर:
एक राहिलंच. माझ्या टूलचे मेसेज मराठीत आहेत, जिफ केलं तर जोडाक्षरं फुटली, मात्रा सुटून बाजूच्या घरात. टर्मिनल चौकटी मोजून अक्षरं ठेवतं आणि आपलं अक्षर एका चौकटीत एक असं बसत नाही. मी शेवटी जिफ काढून साधा टेक्स्ट ब्लॉक टाकला, ब्राउझरमधे सगळं नीट दिसतं. आपल्या भाषेत लिहिणाऱ्याला तरी जिफ परवडत नाही.

काळी_खिडकी:
जोडाक्षरचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. मेकफाइलचंही पटलं, टेप म्हणजे परत टेक्स्टच आहे. बंद करा हे माझं म्हणणं मागे घेतो, पण कमांडचा ब्लॉक जिफच्या वर पायजे, खाली नाही.

शेलवाला:
वर टाकलास तर जिफपर्यंत कोण येणार? खाली.

सावली_२२:
वर. मी वरून खाली ऐकते.

शेलवाला:
ठीक आहे, माझ्या दोन्ही रीडमीत आज रात्री वर टाकतो.