प्रतिसाद: न्यूमोनियात कुशीत कळ आणि छातीत पाणी
वर एकांनी विचारलंय की सासऱ्यांना न्यूमोनियाची अँटिबायोटिक्स चालू आहेत, ताप कमी आहे, तरी श्वास घेताना कुशीत कळ येते. औषध बदलावं का? ही कळ फुप्फुसाच्या आवरणाला सूज आल्याने येते. ताप उतरत असेल तर तेवढ्यासाठी औषध बदलत नाहीत. वेदनाशामक मात्र डॉक्टरांना विचारून जरूर द्या (किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा). दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो आणि कफ आतच साचतो.

खरं लक्ष ठेवायचं ते फुप्फुसाभोवती साचणाऱ्या पाण्यावर. दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही तर छातीची सोनोग्राफी लागते. थोडं पाणी बहुधा औषधांनीच जिरतं. जास्त असेल तर सुईने काढून तपासतात. पू निघाला किंवा त्या पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.२ च्या खाली असेल तर छातीत नळी घालतात. नळी म्हटलं की घरचे हबकतात, पण पू नुसत्या सलाइनने जात नाही हो.

पाणी काढलंच तर टीबीसाठीही तपासायला सांगा, एडीए (पाण्यातलं एक एन्झाइम मोजणारी चाचणी) आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी). नाशकात त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये टीबीची तपासणी मोफत होते. आणि मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू करू नका, त्याने टीबी काही काळ झाकला जातो.