कोरियन मून जारचा वाकडेपणा मुद्दाम ठेवलेला असतो का?

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार मंडळी, मी विश्रामबागला राहते, दोन वर्षं झाली मातीकाम शिकतेय आणि गेले चार महिने एकाच गोष्टीच्या मागं लागलेय, ती म्हणजे कोरियन मून जार. पांढरा, गोल, अंगावर काहीच नक्षी नाही, उंची 40 सेंटीमीटरच्या वर. एवढा मोठा गोळा चाकावर एकदम ओढला की खाली बसतो, म्हणून दोन वाडगे करून तोंडाला तोंड जोडायचे, तसंच केलं. पण पोटावर जिथं सांधा आलाय तिथं एका अंगाला फुगलाय. सर म्हणतात घासून सारखा कर. आणि मी जुन्या जारचे फोटो बघतेय तर ते पण असेच कलंडलेले! मग ते मुद्दाम करायचे का? रात्री झोपताना पण तो सांधाच डोळ्यापुढं येतोय, सांगा कुणीतरी.

मिरजकर:
ताई, हे वाबी-साबीच की. अपूर्णतेत सौंदर्य. राहू दे तसाच.

माहुलीची सून (सातारा):
मिरजकर दादा, वाबी-साबी जपानचं, ते इथं सरळ चिकटवू नका हो. कोरियाची गोष्ट वेगळी आहे. आधी गोर्यो काळात (918 ते 1392) बौद्ध दरबार होता, तेव्हाची हिरवट सेलाडॉन भांडी बघा, मातीत क्रौंच पक्षी आणि ढग कोरून त्यात पांढरी-काळी माती भरलेली, किती नाजूक काम. मग 1392 ला जोसन घराणं आलं, त्यांनी कन्फ्यूशियसचा विचार राज्याचा पाया केला आणि विद्वान माणसानं साधं राहावं, मन स्वच्छ ठेवावं, दिखावा करू नये असं ठरलं, म्हणून पांढरं भांडं राजाच्या ताटापर्यंत गेलं. त्यात 1592 पासून जपानची आणि पुढं 1627, 1636 ला उत्तरेकडच्या मांचू लोकांची स्वारी, देश पार खंगला, निळ्या रंगाचा कोबाल्ट बाहेरून आणायचा तो पण महाग. मून जार त्यानंतरचे, 17व्या शतकाच्या शेवटाचे आणि 18व्या शतकातले. म्हणजे विचार पण होता आणि ओढाताण पण होती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला गो यु-सोप (1905-1944) यांच्याकडं सापडलं, कोरियन कलेचा इतिहास लिहिणारे पहिल्या पिढीतले अभ्यासक. ते म्हणायचे की ही कला म्हणजे बिनकौशल्याचं कौशल्य, बिनबेताचा बेत. मुद्दाम वाकडं केलं तर तो बेतच झाला की! त्यांच्या आधी यानागी सोएत्सु या जपानी अभ्यासकानं या सगळ्याला दुःखाचं सौंदर्य म्हटलं होतं, ते पण कोरिया जपानच्या ताब्यात असताना, आणि नंतर कोरियन लोकांनी त्याला विरोध केला. मला तो विरोध शंभर टक्के पटतो, त्या जारकडं बघून रडू नाही येत हो, पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

वाईचा सुतार:
भांड्यातलं मला कळत न्हाई पण लाकडातलं सांगतो. कोरियातल्या जुन्या घरात बऱ्याचदा जोत्याचा दगड घडवत न्हाईत, जसा मिळाला तसा ठेवतात आणि खांबाचं बूड त्या दगडाच्या उंचसखलपणाप्रमाणं कोरून बसवतात. सोसानच्या गेसिमसा मंदिरात तर वाकडी झाडं तशीच खांब म्हणून उभी हायत. हे आळसाचं काम न्हाई बघा, सरळ खांब सपाट दगडावर ठेवण्यापेक्षा लई अवघड.

मिरजकर:
हे माहीत नव्हतं, चूक मान्य. दादांचं वाचून आमच्या आज्जीची वाकळ आठवली. कोरियात उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून जोगाकबो करतात, वस्तू बांधायचा, झाकायचा रुमाल. तुकडा जसा उरला तसा बसवायचा. आज्जी पण लुगड्याचा तुकडा चौकोनी कधीच कापायची नाही, म्हणायची, कापड वाया जातं.

कृष्णाकाठ (सांगली):
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज सकाळी सरांना सुतार दादांचं खांबाचं सांगितलं, ते बराच वेळ जार फिरवून बघत बसले. मग त्यांनी माझी खरी चूक दाखवली, वरचा वाडगा जास्त सुकला होता, खालचा ओला होता, दोन्ही वेगवेगळे आकसले म्हणून ताण आला आणि आता सांध्यावर केसाएवढी चीर दिसतेय. फुगवटा चालेल म्हणाले, चीर चालणार नाही, भट्टीत उघडेल. तो मोडून माती भिजत घातलीय. पुढच्या वेळी दोन्ही वाडगे एकाच ओल्या फडक्याखाली ठेवणार, आणि जोडल्यावर जसा होईल तसा होऊ देणार.