घटस्फोटानंतर आधीचा जोडीदार काढू नका

घटस्फोट झाला की आधीच्या जोडीदाराचं नाव वंशवृक्षातून काढावं, असं काहीजण सुचवतात ते मला अजिबात पटत नाही. नाव काढलं की मुलांचं एका बाजूचं सगळं गोतच जातं. ग्रॅम्प्स या वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नाची नोंद तशीच ठेवून त्याच कुटुंबाला घटस्फोट ही वेगळी घटना जोडता येते. पुनर्विवाह म्हणजे त्या व्यक्तीचं दुसरं कुटुंब. लग्न झालंच नसेल तर नात्याचा प्रकार ‘अविवाहित’ निवडायचा. जेडकॉम (वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा फाइल-प्रकार) फाइलमध्येही कुटुंबाच्या नोंदीला लग्नाची सक्ती नाही.

‘1955 च्या आधी हिंदूंत घटस्फोट नव्हताच’ असं म्हणतात, तेही बरोबर नाही. मुंबई प्रांतात 1947 चा हिंदू घटस्फोट कायदा होता, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून अनेक जातींत रूढीने काडीमोड होत असे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही कलम 29 मध्ये ती रूढी मान्य ठेवली. माझ्या आजीच्या आत्याची काडीमोड झाली, पुढे पाट (पुनर्विवाह) लागला. कागद एकही नाही. म्हणून घटनेची तारीख ‘सुमारे 1930’, वर्णनात ‘काडीमोड, रूढीने’ आणि टिपेत हे कोणी सांगितलं त्याचं नाव, असं लिहिलंय. जुन्या नोंदींसाठी एवढं पुरतं.